चोरीच्या वाहनांची ओळख व वर्दी

पूर्वीं शेतकऱ्याचा बैल चोरीस गेला म्हणजे त्याचा माग कसा लागत असे, हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं वडील मंडळींच्या तोंडून ऐकलें असेल. बैलाचा रंग, शिंगांची ठेवण, कपाळावरील अगर पाठीवरील भोवरा, डागाची खूण, चालण्याची ढब, हें सर्व धन्यास तर पाठ असेच, परंतु शेजारच्या चार गांवांसही तें ठाऊक असे. बाजाराच्या पावतीवर जनावराचें वर्णन लिहिण्याची वहिवाट होती. आणि सांगोल्याच्या बाजारांत किंवा खरसुंडीच्या यात्रेंत एखाद्या अपरिचित इसमानें खिलारी बैल पडत्या भावानें पुढें केला, तर शहाणें गिऱ्हाईक बैलाचे दांत पाहण्यापूर्वीं विकणाराचें तोंड पाही. हल्लीं तर जनावराच्या कानांत बारा अंकी बिल्ला आला असून, १ जून २०२४ पासून आपल्या राज्यांत बिल्ल्यावांचून गुरांची खरेदी-विक्री करूं नये असा शासनाचा निर्बंध आहे.

परंतु आज शेतकऱ्याच्या दारांतील मोठें धन बैल हें राहिलें नाहीं. मोटारसायकल, ट्रॅक्टर, ट्रॉली, पिकअप गाडी हींच आतां त्याचीं जित्राबें झालीं आहेत, आणि एका ट्रॅक्टरच्या किंमतींत कित्येक बैलजोड्या येतील. एवढें धन दारांत उभें असतां त्याची ओळख मात्र मालकासही नसावी, हें मोठें नवल होय. कोणाही शेतकऱ्यास त्याच्या गाडीचा नंबर विचारा, तो तत्काळ सांगेल. चेसिसचा नंबर विचारा, तो कागद धुंडाळूं लागेल. तो नंबर गाडीवर कोठें कोरला आहे असें विचारा, म्हणजे तो आपल्या तोंडाकडे पाहत राहील. चोरास मात्र हें सर्व अवगत असतें. जो नंबर आपणांस पाठ आहे तो एका पत्र्यावर असतो आणि पत्रा बदलतां येतो. जो लोखंडांत कोरलेला आहे तोच गाडीचा खरा भोवरा होय, व नेमकी त्याचीच आपणांस ओळख नाहीं.

ह्या अज्ञानाची किंमत आमच्या घरानें भरली आहे, म्हणून लिहावयास बसलों. २०२२ सालच्या कार्तिकी यात्रेंत आमच्या पुतण्याची मोटारसायकल पंढरपुरांतून चोरीस गेली. गाडीचें मूळ नोंदणीपत्र, विम्याचा कागद आणि दुसरी किल्ली हीं तिन्ही त्यानें गाडीच्याच डिकींत ठेवलीं होतीं. म्हणजे चोरास गाडीबरोबर तिचें दप्तरही मिळालें! पहिले चार दिवस "आधीं इकडे तिकडे पाहा, कोणी ओळखीच्यानें नेली असेल" ह्या सल्ल्यांत गेले. पांचव्या दिवशीं वर्दी नोंदली गेली, परंतु चेसिस व इंजिन नंबरांचे रकाने "मागाहून देतों" म्हणून कोरेच ठेवले, आणि तें मागाहून कधींच झालें नाहीं. गाडी गेली असें समजून आम्हीं तिच्यावर पाणी सोडलें.

पुढें जवळजवळ अकरा महिन्यांनीं आमच्या गांवचे एक गृहस्थ आपल्या कामासाठीं दुसऱ्या जिल्ह्यांतील एका पोलीस ठाण्यांत गेले असतां, आवारांत गंजत पडलेल्या गाड्यांच्या राशींत एका मोटारसायकलीच्या टांकीवर आमच्या ग्रामदैवताचें चित्र त्यांना दिसलें. चित्राच्या खालचा कोपरा फाटलेला होता, तोही त्यांनीं ओळखला. नंबरप्लेट निराळीच होती. पुतण्यानें विमा-प्रतिनिधीकडून जुन्या पॉलिसीची नक्कल आणविली, तींत चेसिस नंबर छापलेला होता. ठाण्यांत जाऊन हँडलच्या मानेवरील कोरीव आंकडा ताडून पाहिला, तों अक्षर न अक्षर जुळला. गाडी त्या ठाण्यांत सात महिने बेवारस म्हणून उभी होती. मालकाचें ठाणें एकीकडे शोधीत होतें, दुसरें ठाणें मालकाची वाट पाहत होतें, आणि दोहोंच्या मध्यें केवळ एक कोरा रकाना आडवा पडला होता. तो ज्यानें कोरा ठेवला त्यांत आमचाही दोष आहे, हें येथें कबूल केलें पाहिजे.

आतां ह्या नंबरांविषयीं थोडें सविस्तर सांगणें जरूर आहे. मोटारसायकल व मोटारगाडी यांचा चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो. त्यांत इंग्रजी अक्षरें व आंकडे मिश्र असून आय, ओ आणि क्यू हीं तीन अक्षरें एक व शून्य ह्यांशीं घोटाळा होऊं नये म्हणून वापरीत नाहींत. आपल्या देशांत तयार झालेल्या बहुतेक गाड्यांचा हा नंबर एम अक्षरानें सुरू होतो. मोटारसायकलीवर तो बहुधा हँडल जेथें सांगाड्यास जोडलें जातें त्या मानेवर कोरलेला असतो, आणि इंजिन नंबर खालीं इंजिनाच्या कवचावर असतो. ट्रॅक्टरवर नंबराची जागा व अक्षरसंख्या बनावटीप्रमाणें बदलते. ती खरेदीच्या वेळीं विक्रेत्याकडून दाखवून घ्यावी. परिवहन कार्यालयांत पासिंगच्या वेळीं कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून ह्या नंबराचा ठसा घेतात, तो आपल्यापैकीं कित्येकांनीं पाहिला असेल. तसाच एक ठसा घरींही काढून ठेवावा. त्यास खर्च पेन्सिलीचा, आणि काम मात्र कज्जाच्या दिवशीं साक्षीदाराचें करतो. मोबाईल असल्यास त्या जागेचें स्पष्ट छायाचित्र घेऊन घरांतील दुसऱ्या माणसाच्या मोबाईलवर पाठवावें. कारण कीं गाडीबरोबर मोबाईलही जाण्याचे प्रसंग येतात.

नवीन उच्च सुरक्षा नंबरप्लेट ही १ एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांस सक्तीची आहे. जुन्या गाड्यांस ती बसविण्याची मुदत आपल्या राज्यांत २०२५ सालीं अनेक वेळां वाढवावी लागली, त्यावरून तिच्याविषयीं लोकांत किती उत्साह आहे तें दिसतें. लोक तिला फुकटचा भुर्दंड समजतात. किंमतीविषयीं तक्रार असूं शकेल, पण वस्तूचा उपयोग समजून घ्यावा. तीवर वरच्या बाजूस अशोकचक्राचा चकाकणारा छाप असतो, खालीं लेझरनें कोरलेला त्या प्लेटचा स्वतंत्र क्रमांक असतो, आणि ती अशा कुलपाच्या खिळ्यांनीं बसविलेली असते कीं काढावयाची तर खिळा मोडावाच लागतो. म्हणून प्लेट २०१९ नंतरच्या गाडीची असून साध्या स्क्रूवर बसविलेली दिसली, किंवा अक्षरें रंगानें लिहिलेलीं असलीं, तर निदान दोन प्रश्न विचारावे. चोरी ठरविण्यास एवढ्यानें भागत नाहीं. पुष्कळ प्रामाणिक माणसांच्या प्लेटा अपघातानें मोडतात.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें, तेव्हां उपमाही तेथीलच सुचते. दहा गुंठे जमीन घ्यावयाची झाली तर आपण सातबारा पाहतों, फेरफार पाहतों, इतर हक्कांच्या रकान्यांत कोणाचा बोजा आहे काय हें तपासतों, चतुःसीमा पाहतों, आणि इतकें करूनही मनांत धाकधूक ठेवतों. तोच गृहस्थ आठवडेबाजारांत अगर रस्त्याकडेच्या गॅरेजांत तीस-चाळीस हजारांची जुनी मोटारसायकल घेतांना मुद्रांकावर दोन ओळींचें लेखन करून, "कागद मागाहून देतों" ह्या शब्दावर पैसे मोजून मोकळा होतो. वस्तुतः गाडीचें नोंदणीपत्र हा तिचा सातबाराच आहे. त्यावर कर्ज देणाऱ्या बँकेचा बोजा चढतो, कर्ज फिटल्यावर बँकेचा दाखला देऊन तो कमी करावा लागतो. नांव बदलणें हा तिचा फेरफार. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५० अन्वयें राज्यांतल्या राज्यांत विकणारानें चौदा दिवसांत व घेणारानें तीस दिवसांत ती गोष्ट परिवहन कार्यालयास कळवावयाची असते. जमिनीच्या फेरफाराची नोंद लांबली म्हणजे भाऊबंदकी माजते; गाडीची लांबली म्हणजे अपघात कोणाचा, दंड कोणाचा, चोरी कोणाची, ह्याचा उलगडा होत नाहीं, आणि दप्तरांत ज्याचें नांव तोच प्रथम धरला जातो.

चोरीची गाडी अजाणतां घेणाराची स्थिति तर अधिकच केविलवाणी. "मीं पूर्ण पैसे मोजले, माझ्यापाशीं लेख आहे" असें तो सांगतो. परंतु १९३० च्या मालविक्री कायद्याचें कलम २७ असें आहे कीं, विकणारास जेवढा हक्क असेल त्याहून अधिक हक्क सामान्यतः घेणारास मिळत नाहीं. चोरास हक्क शून्य, म्हणून घेणारासही शून्य. पोलीस गाडी मुद्देमाल म्हणून घेऊन जातात, विकणाराचा पत्ता लागत नाहीं, आणि माल चोरीचा असल्याचें माहीत असून अगर तसें समजण्यास सबळ कारण असून घेतला असें ठरलें, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणें तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते ती निराळीच. एक लाखाची गाडी बारा हजारांस आणि कागदाविना मिळते, हें "सबळ कारण" न्यायाधिशास समजावून सांगण्यास वकिलाला फार श्रम पडत नाहींत.

सुदैवानें ज्याप्रमाणें सातबारा आतां घरबसल्या पाहतां येतो, त्याप्रमाणें गाडीचा उताराही पाहतां येतो. आणि हीच गोष्ट शेतकरी बंधूंच्या नजरेस आणण्याचा ह्या लेखाचा मुख्य हेतु आहे. केंद्रीय परिवहन खात्याच्या 'वाहन' नांवाच्या नोंदवहींत, किंवा 'एमपरिवहन' ह्या मोबाईल ॲपमध्यें, गाडीचा नंबर घातला असतां तिचा प्रकार, बनावट, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत इत्यादि तपशील दिसतो. मालकाचें नांव खाजगीपणासाठीं अर्धवट झांकलेलें असतें. विकणारा म्हणतो गाडी काळी आणि २०२१ ची, व नोंद सांगते निराळ्या बनावटीची आणि २०१५ ची, तर पुढें बोलणें नको. दुसरें साधन राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचें. हा विभाग १९८६ सालीं स्थापन झाला असून, देशभरच्या पोलीस ठाण्यांतून आलेल्या चोरीच्या व सांपडलेल्या वाहनांची यादी 'वाहन समन्वय' ह्या नांवानें त्याजकडे ठेवली जाते. पोलीस खात्याच्या नागरिक सेवेच्या पोर्टलवर नोंदणी, चेसिस व इंजिन हे नंबर भरले असतां ती गाडी चोरीच्या यादींत आहे कीं नाहीं हें कळतें, आणि तसा दाखलाही मिळतो. जुनी गाडी घेणारानें हा दाखला पैसे देण्यापूर्वीं पाहावा, नंतर नव्हे.

परंतु येथें एक इशारा दिला पाहिजे. यादी ही भरणाराइतकीच खरी. आमच्या पुतण्याच्या वर्दींत नंबरच नव्हता, तर तो यादींत कोठून येणार? चोरी काल रात्रीं झाली असेल आणि वर्दी अद्याप नोंदलीच गेली नसेल. शिवाय हुशार चोर एक युक्ति करतात. त्याच बनावटीच्या, त्याच रंगाच्या दुसऱ्या एखाद्या निर्मळ गाडीचा नंबर चोरलेल्या गाडीवर चढवितात. मग त्या नंबरानें कितीही शोधा, नोंद स्वच्छच येणार, कारण ती नोंद दुसऱ्याच गाडीची! ह्यावर उपाय एकच: गाडीच्या मानेवर स्वतः वांकून पाहणें आणि कोरीव नंबर नोंदणीपत्राशीं अक्षरशः ताडणें. कारखान्यांतील ठसा एकसारखा, एका ओळींत व समान खोलीचा असतो. अक्षरें वेडींवांकडीं असलीं, मागचा भाग घासून गुळगुळीत झालेला दिसला, किंवा साऱ्या जुन्या गाडींत तेवढ्याच जागीं ताजा रंग असला, तर समजावें कीं भोवरा बनावट आहे. कागद पाहणारे आतां पुष्कळ झाले आहेत, पण कागद व लोखंड ह्यांची गांठ घालणारा क्वचित.

वर्दीविषयीं पूर्वीं फार त्रास होता व अजूनही कोठें कोठें आहे. हद्द आमची नव्हे, साहेब बाहेर गेले आहेत, आधीं शोधा, हीं उत्तरें ज्यांनीं ऐकलीं नाहींत ते भाग्यवान. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अंमलांत आली, तिचें कलम १७३ प्रत्येक शेतकऱ्यानें समजून घ्यावें असें आहे. गुन्हा कोणत्याही हद्दींत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यांत देतां येते. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेंही पाठवितां येते; मात्र तीन दिवसांच्या आंत खबर देणारानें तीवर सही केली पाहिजे, तेव्हां ती दप्तरीं दाखल होते. वर्दीची नक्कल तत्काळ व विनामूल्य मिळण्याचा आपला हक्क आहे. ठाण्यानें खबर घेण्याचें नाकारलें, तर ती लेखी स्वरूपांत टपालानें जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे धाडतां येते, आणि तेथेंही दाद लागली नाहीं तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातां येतें. चोरी चालू असतां अगर नुकतीच घडली असतां ११२ ह्या क्रमांकावर प्रथम फोन करावा, कारण पहिल्या तासांत नाक्यावर गाडी अडविली जाण्याचा संभव असतो आणि तिसऱ्या दिवशीं तिचे भाग सुटे झालेले असतात.

विम्याविषयीं दोनच गोष्टी सांगतों. बरेच शेतकरी कर्ज फिटेपर्यंत पूर्ण विमा ठेवतात आणि पुढें केवळ थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, विमा उतरवितात. ह्या दुसऱ्या प्रकारांत चोरीची भरपाई मुळींच मिळत नाहीं. ती मिळेल अशा समजुतींत राहूं नये. पूर्ण विमा असल्यास वर्दी ताबडतोब द्यावी आणि कंपनीसही त्याच दिवशीं कळवावें. जानेवारी २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठानें एका शेतकऱ्याच्या चोरीस गेलेल्या ट्रॅक्टरच्या प्रकरणांत असें ठरविलें आहे कीं, पोलिसांत वर्दी तत्काळ दिलेली असतां केवळ कंपनीस कळविण्यास उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळतां येत नाहीं. तरी ह्या निकालाच्या भरंवशावर उशीर करण्यांत शहाणपण नाहीं. शेवटीं गाडी सांपडत नाहीं असा पोलिसांचा अहवाल, ज्यास आपल्याकडे 'अ' समरी म्हणतात, तो लागतो, आणि दोन्ही किल्ल्या मागतात. दुसरी किल्ली डिकींत ठेवणारांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.

इथपर्यंत झालें तें ज्याची गाडी गेली त्याचें. पण ज्याची गाडी गेली नाहीं त्याचेंही कांहीं काम आहे, आणि माझ्या मतें तेंच अधिक महत्त्वाचें. चोरलेलें वाहन कोठें तरी उभें राहतेंच. उंसाच्या फडाच्या आडबाजूस, ओढ्याच्या पुलाखालीं, बंद पडलेल्या वीटभट्टीवर, यात्रेच्या धर्मशाळेच्या मागें आठ-आठ दिवस अनोळखी मोटारसायकल उभी असते, आणि येणारा-जाणारा "असेल कोणाची तरी" म्हणून पुढें जातो. हाच मनुष्य आपल्या उभ्या पिकांत परकें गुरूं दिसलें तर त्याचा धनी संध्याकाळपर्यंत शोधून काढतो. अशा गाडीचा नंबर व जागा टिपून घ्यावी, शक्य तर नंबर 'वाहन'मध्यें घालून बनावट जुळते काय पाहावें, आणि पोलीस पाटलांस सांगावें. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानें गांवांतील गुन्ह्याविषयींची माहिती वर पोहोंचविणें हें त्यांचें कर्तव्यच ठरविलें आहे. आमच्या पुतण्याची गाडी सात महिने ज्या ठाण्यांत पडली होती, तेथेंही ती एका खेड्याच्या शिवारांतून उचलून आणलेली होती. ती दिसल्यापासून खबर जाईपर्यंत किती दिवस लोटले ह्याची चौकशी मीं केली नाहीं. करून काय उपयोग?

परंतु मदत करणें म्हणजे न्याय करणें नव्हे, ही गोष्ट अलीकडे सांगावी लागते. हल्लीं व्हॉट्सॲपवर गाडीचें व माणसाचें चित्र टाकून "हा चोर, दिसल्यास धरा" असे संदेश फिरतात. पाठविणारा कोण, तारीख कोणती, गाडी खरोखर चोरीची काय, हें कोणीच पाहत नाहीं. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें १ जुलै २०१८ रोजीं मुलें पळविणारी टोळी आली आहे अशा फिरत्या अफवेवरून जमावानें भिक्षेकरी समाजाच्या पांच निरपराध माणसांस ठार मारलें. त्यांतील बहुतेक आपल्याच सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढें तालुक्याचे होते. तेथें मुलांची अफवा होती, उद्यां गाडीची असेल. म्हणून माझें स्पष्ट मत असें आहे कीं, खबर गाडीची द्यावी, माणसाची निंदा करूं नये. नंबर पोलिसांस कळवावा, चेहरा गटावर टाकूं नये. आणि गाडी चालविणारास स्वतः अडवूं तर मुळींच नये. चालविणारा बिचारा फसलेला गिऱ्हाईकही असूं शकेल, किंवा खरोखरीचा चोर असून त्याजपाशीं हत्यार असेल. दोन्ही पक्षीं अडविणाराचा लाभ नाहीं.

आतां शासनाकडे एक मागणें. यादी असली तरी ती विचारणारास उत्तर देते, न विचारणारास कांहींच सांगत नाहीं. गाडी गेलेला शेतकरी रोज यादी उघडून बसणार नाहीं, आणि बेवारस गाड्यांचें तर त्यास ठाऊकच नसतें. न्यायालयाच्या हुकुमानें अज्ञात मालकाच्या मालाविषयीं सहा महिन्यांच्या मुदतीची जाहीर सूचना निघते खरी, पण ती कोणाच्या दृष्टीस पडते? प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस दलानें आपल्या ठाण्यांतील बेवारस व सांपडलेल्या वाहनांची यादी दरमहा मराठींत, चेसिस व इंजिन नंबरांसह, ऑनलाइन प्रसिद्ध करावी. कांहीं जिल्हे अशा याद्या अधूनमधून प्रसिद्ध करतात. ती वहिवाट नियमित व्हावी. ग्रामपंचायतीच्या फलकावर ती लागावी आणि विकास सोसायटीच्या सचिवानें ती सभासदांच्या नंबरांशीं ताडून पाहावी. ह्यावर असा आक्षेप येतो कीं, यादींतील नंबर पाहून लबाड लोक खोटे हक्क सांगतील. चेसिस नंबराचे शेवटचे चार आंकडे झांकून ठेवावे व जो ते बरोबर सांगेल त्याचेंच म्हणणें ऐकावें, म्हणजे आक्षेप मिटला. मालकाचें नांव छापण्याचें तर कारणच नाहीं. ठाण्यांच्या आवारांत गाड्या वर्षानुवर्षें कुजवूं नयेत असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालींच बजावलें आहे, आणि नव्या संहितेनेंही जप्त मालाचें वर्णन व छायाचित्र करून त्याची विल्हेवाट लवकर लावण्यास मुदती घालून दिल्या आहेत. तरी आवारें पाहिलीं म्हणजे काय दिसतें तें वाचक जाणतात.

राहतां राहिली ट्रॉली. तिच्याविषयीं लिहिलें नाहीं तर हा लेख शेतकऱ्यांच्या मासिकांतला म्हणवणार नाहीं. कायद्यानें ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र व्हावयास पाहिजे, परंतु गांवच्या वेल्डिंगच्या दुकानांत बांधलेल्या कित्येक ट्रॉल्यांस ना नंबर, ना कागद. गळिताच्या हंगामांत कारखान्याच्या आवारांत शेंकडों ट्रॉल्या एका रंगाच्या, एका मापाच्या उभ्या असतात. त्यांतील एक गेली तर मालकानें काय सांगावें? "निळी होती, मागची फळी वांकलेली होती." अशा वर्णनावर पोलीस तरी काय शोधणार, आणि कोणती यादी काय दाखविणार? ट्रॅक्टरची गोष्टही थोडीशी तशीच. जुन्या ट्रॅक्टरांपैकीं कित्येकांस एकाची किल्ली दुसऱ्यास चालते, हें सर्व ड्रायव्हर जाणतात, आणि मालक रात्रीं किल्ली काढून निश्चिंत झोंपतो. ज्याच्या ट्रॅक्टरास निराळा छुपा खटका बसविलेला नाहीं, त्यानें तो हंगामापूर्वीं बसवून घ्यावा.

ट्रॉलीसाठीं आमच्या सोसायटीपुढें मीं एक सूचना ठेविली आहे. प्रथम जिची नोंदणी होऊं शकते तिची करून घ्यावी. त्याबरोबरच प्रत्येक सभासदानें गांवाचें आद्याक्षर, सोसायटींतील आपला सभासद क्रमांक आणि ट्रॉलीचा अनुक्रम असा एक आंकडा लोखंडी ठशांनीं दोन जागीं ठोकून घ्यावा: एक मुख्य दांडीवर दिसेल असा, दुसरा आंसाजवळ आंतल्या बाजूस, जो केवळ मालकास माहीत असेल. सोसायटींत एक वही ठेवावी. तींत सभासदाच्या सर्व वाहनांचे नोंदणी, चेसिस व इंजिन नंबर, ट्रॉलीचा ठसा, आणि एखादी खास खूण असेल तर तीही लिहावी. ह्या वहीनें नोंदणीपत्राचें काम होणार नाहीं आणि न्यायालयांत ती एकटी पुरणारही नाहीं. परंतु वर्दी देतांना रकाना कोरा राहणार नाहीं, एवढें निश्चित.

सभेंत दोघांनीं विचारलें कीं, आपलीं वाहनें किती हें सोसायटीच्या दप्तरांत कशाला? प्रश्न रास्त होता. म्हणून वही सचिवाच्या कपाटांत कुलुपाखालीं राहील व सभासदाच्या लेखी मागणीवांचून ती कोणास दाखविली जाणार नाहीं, असें ठरलें. गेल्या पंधरवड्यांत सत्तावीस सभासदांनीं नोंद केली. त्यांपैकीं नऊ जणांस आपल्या गाडीचा चेसिस नंबर कोठें आहे तें वही भरतांना प्रथमच कळलें, आणि एकाच्या मोटारसायकलीच्या मानेवरील नंबर त्याच्या नोंदणीपत्राशीं जुळला नाहीं. ती गाडी त्यानें दोन वर्षांपूर्वीं एका दलालाकडून घेतली होती. तो इसम प्रामाणिक आहे, आणि त्यास रात्रभर झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मी त्याजबरोबर पोलीस ठाण्यांत गेलों, व त्यानें आपण होऊन लेखी खबर दिली. गाडी सध्यां ठाण्यांत आहे. ती कोणत्या मालकाची हें अद्याप कळलें नाहीं.